दादाच्या गाडीचा बिघाड

गॅरेजात येणारा प्रत्येक माणूस गाडीबरोबर स्वतःचं निदानही घेऊन येतो. कुणी म्हणतं बॅटरीच गेलीय, कुणाला शेजाऱ्यानं सांगितलेलं असतं की पेट्रोलमध्ये पाणी आहे, आणि हल्ली तर लोक मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात आणि मलाच शिकवतात. मी ऐकून घेत नाही. माझा स्वभाव मुळातच तिरसट, त्यात पस्तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं खुपसून तो आणखी नासलाय. गिऱ्हाईक आलं की माझा पहिला शब्द ठरलेला, "उतरा." किल्ली घ्यायची, माणसाला भिंतीकडच्या बाकावर बसवायचं आणि स्वतः सीटवर बसून गाडी ऐकायची. गिऱ्हाईक सीटवर राहिलं की बोलत राहतं, आणि आपण गाडीचं सोडून त्याचं ऐकायला लागतो.

हा नियम मला दादानं घालून दिला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानंच मला या गॅरेजात आणलं आणि टपल्या मारून मारून मीटर धरायला शिकवलं. अंदाजानं पार्ट बदललेला त्याला खपायचा नाही. "बघितलंस का डोळ्यांनी? नाही ना? मग हात मागे." सात वर्षांपूर्वी वहिनी गेली तेव्हा त्यानं गॅरेज माझ्या गळ्यात टाकलं आणि घरी बसला. घरी बसला म्हणजे छकुलीपाशी बसला.

छकुली त्याची एकुलती एक मुलगी. बत्तीस वर्षांची आहे, पण डॉक्टरांच्या मते तिची समज सहा-सात वर्षांच्या पोरीएवढीच. एक गोष्ट मात्र तिला आपल्यापेक्षा बरी येते, ती म्हणजे मोजणं. पायऱ्या, खांब, खिडक्या, माझ्या शिव्या, सगळं ती मोजते आणि मोजलेलं विसरत नाही. तिच्यासारख्यांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक दिवसाचं केंद्र आहे. तिथं ती कपड्यांची बटणं बारा-बाराच्या पाकिटांत भरते. दोन वर्षं वाट बघून ती जागा मिळालेली. तिथं फाटक नऊला बंद होतं, आणि तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. बसनं तिला नेता येत नाही. अनोळखी माणसाचा धक्का लागला तरी ती किंचाळते आणि स्वतःचं मनगट चावत सुटते. बाबाची गाडी, मागची सीट, डावीकडची खिडकी, एवढंच तिला चालतं.

म्हणून थंडी पडायला लागली त्या सुमारास दादा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "कधी कधी सुरू होत नाही रे," तेव्हा मी हातातलं काम टाकून उठलो.

"होत नाही म्हणजे? टक आवाज येतो?"

"नाही."

"लाईट मंद होतात?"

"छे. लाईट झकास. किल्ली फिरवली की नुसती शांतता. पाच-दहा मिनिटं थांबलो की होते."

"असं किती वेळा झालं?"

"झालं असेल चारेक वेळा."

"सहा," छकुली मागच्या सीटवरून म्हणाली.

दादाला 'उतर' म्हणायची वेळच आली नाही. तो आपण होऊन उतरला, दाराला धरून सावकाश उभा राहिला आणि बाकावर जाऊन बसला. "नियम म्हणजे नियम," म्हणाला आणि हसला. मी सीटवर बसलो. तीस वेळा किल्ली फिरवली आणि गाडी तीस वेळा सुरू झाली.

पूर्ण बंद पडलेली गाडी मला आवडते. ती लपवाछपवी करत नाही. वैताग असतो तो ह्या कधीमधीवाल्यांचा. घरी, रस्त्यावर, फाटकासमोर रुसतात आणि गॅरेजात आल्या की शहाण्या बाळासारख्या वागतात. त्यातल्या त्यात आवाज नाही आणि लाईट ठीक म्हणजे बॅटरी निर्दोष. करंट सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणाऱ्या मोटरपर्यंत, पोचतच नाहीये. मग संशयित उरतात चार: किल्लीचा स्विच, रिले, मधली वायर आणि क्लचचा स्विच. क्लच पूर्ण तळाला गेल्याशिवाय सेल्फला करंट मिळू नये, म्हणजे चुकून गाडी गिअरमध्ये असली तर उडी मारणार नाही, अशी ती सोय असते. मी क्लचच्या स्विचला टेस्टचा दिवा लावला आणि पेडल दाबलं. दिवा लागला. पन्नास वेळा दाबलं, पन्नास वेळा लागला. बाकीच्या तिघांनीही अंगाला काही लावून घेतलं नाही.

"सापडलं?" दादानं बाकावरून विचारलं.

"सापडायला आधी बिघडायला तर हवी."

दोन दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. पार्किंगमध्ये दहा मिनिटं अडकला होता. फाटक बंद झाल्यावर पोचला आणि विनवण्या करून छकुलीला आत सोडलं. एक उशीर लागला. मी त्याच दिवशी रिले बदलला. आठवड्यानं गाडी पुन्हा रुसली, फाटक तेवढं कसंबसं गाठलं. मग किल्लीचा स्विच बदलला. मग इंजिनाची अर्थिंगची पट्टी. मग वायर सगळी उघडून इंच इंच तपासली. शेवटी चांगला असलेला क्लचचा स्विचसुद्धा काढून नवा टाकला. डोळ्यांनी काहीही न बघता एकामागून एक पार्ट बदलत होतो, आणि मला ज्यानं टपल्या मारून हेच करू नको म्हणून शिकवलं तो माणूस शेजारी उभा राहून पाने-पक्कड हातात देत होता. जुना एप्रन घालून यायचा. प्रत्येक नव्या पार्टला त्याचा चेहरा खुलायचा. "हेच असणार बघ," म्हणायचा. "शंभर टक्के हेच." मला आश्चर्य वाटायचं, पण वय झालं की माणूस मऊ पडतो असं मी धरून चाललो.

एका शनिवार-रविवारी गाडी माझ्याकडे ठेवून घेतली. पहाटेच्या गारठ्यात सुरू केली, भर उन्हात केली, टाकी रिकामी होत आल्यावर केली, भरल्यावर केली. एकदाही नाटक केलं नाही. एका वहीत मी तक्ता आखला होता. तारीख, वेळ, हवा, गाडी किती तास उभी होती, पेट्रोल किती. जिथं रुसली तिथं लाल फुली. फुल्यांकडे बघून बघून डोळे दुखायला लागले, पण कुठं माशी शिंकते ते काही कळेना.

सोमवारी गाडी परत देताना मी त्याच्यावर उखडलो. "माझ्याकडे एकदाही बंद पडत नाही आणि तुझ्याकडे पडते. तुला किल्ली तरी नीट फिरवता येते का आता?"

अंगणातून बाहेर पडताना त्याचा गिअर करकरला. मी मागून ओरडलो, "क्लच पूर्ण दाब की! गिअरबॉक्स पण बदलायला लावतोस काय?" आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसरा उशीर त्याच गुरुवारी झाला. त्या दिवशी फाटक उघडलंच नाही. आतल्या बाईंनी लेखी कागद दिला की पुढच्या वेळी जागा राहणार नाही. दादा छकुलीला घेऊन सरळ गॅरेजात आला. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. "माझी बटणं आज दुसरी मुलगी भरणार," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचं रडं थांबावं म्हणून दादा रस्त्यापलीकडे बिस्किटं आणायला गेला. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलो होतो.

वरची सीट दबली. छकुली येऊन बसली होती. एरवी मी कुणालाही तिथं बसू देत नाही, पण हात अडकलेले होते आणि पोरगी रडायची थांबली होती. म्हटलं बसू दे.

ती बाबा झाली होती. तिला नक्कल छान येते, माझीसुद्धा करते, पण ती मी बघत नाही. तिनं आधी आरसा सारखा केला. दोनदा घसा खाकरला, अगदी दादासारखा. बाहीनं स्टिअरिंग पुसलं. मग डावा तळवा डाव्या गुडघ्यावर ठेवला, त्यावर वाकून सगळ्या अंगाचा भार दिला आणि उजव्या हातानं खोटी किल्ली फिरवली. थांबली. मग मान मागे वळवून दादाच्याच आवाजात म्हणाली, "थांब हं बाळा, गाडीला जरा दम खाऊ दे." आणि पुन्हा गुडघ्यावर भार दिला.

मी आधी हसलो. तिथं पडल्या पडल्या तिचा पाय माझ्या नाकासमोर होता. तो पेडलवर टेकला होता, आणि त्याला खाली ढकलत होता तो तिचा हात. माझं हसू तिथंच थांबलं.

"छकुली, बाबा असा हात ठेवतात?"

"हो."

"रोज?"

"लिफ्ट बंद असली की. जिना उतरलो की बाबाचा पाय झोपतो. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत."

मी बाहेर आलो, ग्रीसच्या हातांनी वही उघडली आणि एकेक लाल फुली तिला वाचून दाखवली. मागच्या महिन्याची नऊ तारीख? लिफ्ट बंद. चौदा? लिफ्ट बंद. सव्वीस? लिफ्ट चालू, पण बाबा दूध आणायला जिन्यानं गेले होते. हवा, पेट्रोल, तास, सगळ्याला रकाने आखले होते मी. माणसाला नव्हता.

दादा बिस्किटाचा पुडा घेऊन आला तेव्हा मी क्लचच्या स्विचला दिवा लावून तो खिडकीबाहेर टांगून ठेवला होता.

"दादा, सीटवर बस."

"मी कशाला? गिऱ्हाईकानं बाकावर..."

"बस म्हणतोय ना."

त्यानं दिव्याकडे बघितलं. छकुलीकडे बघितलं. मग बिस्किटाचा पुडा तिच्या हातात देऊन बसला. त्याला काय चाललंय ते कळलं होतं, कारण दिवा कसा लावायचा ते त्यानंच मला शिकवलं होतं.

"दाब."

त्यानं दाबला. दिवा लागला. माझा जीव भांड्यात पडला, एक क्षणभरच.

"परत."

लागला.

"परत."

तिसऱ्या वेळी दिवा लुकलुकला. चौथ्या वेळी उशिरा लागला. पाचव्या वेळी त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ आवळले गेले, मांडी थरथरायला लागली आणि पेडल तळापासून दोन बोटं वर अडून राहिलं. दिवा लागला नाही. पाऊल चप्पलेत नुसतं पडलेलं होतं, त्याचं आणि दादाचं काही नातंच नसल्यासारखं.

"पाच," छकुली बिस्किट खाता खाता म्हणाली.

मी दिवा काढून घेतला.

छकुलीसमोर मी मिसळलेल्या नटांचा एक मोठा डबा ओतला आणि मापाप्रमाणे वेगळे करायला सांगितलं. तासभर ती तिथून हलणार नव्हती. आम्ही दोघं बाकावर बसलो. गिऱ्हाइकांच्या त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. तो एका बाजूला डुगडुगतो हे मला तेव्हा कळलं.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले डॉक्टरांनी सांगून. नसांचा आजार आहे. पायातून सुरू होतो आणि वर चढतो. औषध नाही." हवामान सांगावं तसं तो सांगत होता. "उजवा अजून बरा आहे. वर्षभरात हात जातील म्हणाले. मग गिळणं."

घाबरलो की मी भांडतो. "आणि तू तिला मागे बसवून गाडी चालवतोस? ह्या पायानं? पुढं कुणी आडवं आलं असतं तर? तू मारलं असतंस तिला! आणि मी मूर्खासारखा रिले बदलतोय! का बोलला नाहीस?"

"पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मलाही गाडीच वाटली रे."

"आणि नंतर?"

"तू शोधत होतास ना," तो म्हणाला. "तू शोधत होतास तोवर गाडीच बिघडलेली होती."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. एप्रन घालून तो आनंदानं पाने हातात देत होता ते दिवस डोळ्यांपुढून गेले. प्रत्येक नव्या पार्टबरोबर त्या माणसाला खरंच वाटत होतं की हा बसला की माझा पाय बरा होईल. आयुष्यभर ज्यानं अंदाजाला थारा दिला नाही, तो शेवटी अंदाजाच्याच आसऱ्याला गेला होता, आणि माझ्या नियमानं, म्हणजे त्याच्याच नियमानं, त्याला लपायला जागा दिली होती.

"एक काम कर," तो म्हणाला. "स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळ. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मग पेडल अर्धं दाबलं तरी सुरू होईल."

"नाही."

"एकोणीसच सकाळी आहेत."

"कसल्या एकोणीस?"

मग त्यानं तेही सांगितलं. इथून तीन तासांवर एक निवासी संस्था आहे, टेकडीजवळ. त्यानं अर्ज केला होता आणि जागा मिळाली होती. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला छकुलीला तिथं पोचवायचं होतं. कायमची. तोवर केंद्राचे एकोणीस दिवस उरत होते. "तेवढे दिवस तिची सकाळ मोडू नये एवढंच. बटणं सुटली तर ती घरात बसून दिवसभर विचारेल, का नाही जायचं. मला उत्तर देता यायचं नाही."

"माझ्याकडे राहील ती."

"तुझ्याकडे कोण आहे? दिवसभर तू इथं. तिची आंघोळ, तिचे महिन्याचे चार दिवस, रात्री घाबरून उठते ते. आणि वर मी. मला भरवायला तर लागेलच कुणीतरी." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाही जमायचं."

खरं सांगतो, तो 'नाही' म्हणाला तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या इमारतीखाली गेलो. म्हटलं मी चालवतो, तू शेजारी बस. छकुली गाडीजवळ येऊन उभी राहिली आणि आत बसेना. "ती बाबाची जागा आहे. काका, तू उतर." समजावलं, चॉकलेट दाखवलं, रागावून बघितलं. तिनं मनगट तोंडात घातलं तेव्हा मी उतरलो. दादा बसला, तेव्हा कुठं ती आपल्या खिडकीशी गेली. त्या दिवशी लिफ्ट चालू होती आणि पायानं साथ दिली, पण केंद्रापर्यंतच्या रस्त्यात मी एकदाही नीट श्वास घेतला नाही. नऊला दोन मिनिटं कमी असताना पोचलो.

त्याच दुपारी मी गॅरेजचा माळा उपसला. ड्रायव्हिंग स्कूलची एक जुनी गाडी मी कधीकाळी भंगारात काढली होती. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतात ती जादाची क्लच-ब्रेकची पेडलं मी तिच्यातून काढून ठेवली होती. ती घासली, सांधे बदलले आणि दादाच्या गाडीत शेजारच्या सीटपुढं बसवली. दादा बाकावरून बघत होता. त्यानं पाने हातात दिले नाहीत. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा तो उठून आला, हात घालून पेडल हलवून बघितलं आणि म्हणाला, "चांगलं बसवलंयस." मला त्यानं पस्तीस वर्षांत असं पाच-सहा वेळाच म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं जायला लागलो. किल्ली आणि स्टिअरिंग दादाकडे, क्लच माझ्याकडे. गिअर बदलायच्या आधी तो हलकंच "हं" म्हणायचा आणि मी दाबायचो. पहिले दोन दिवस गाडीला नुसते आचके बसले. दोघं भाऊ जन्मात पहिल्यांदा गाडी शिकतोय असं वाटावं. छकुली मागून आचके मोजायची. मग जमलं. आठवड्याभरात त्याला "हं" म्हणावं लागेना. त्याचा खांदा जरा हलला की माझा पाय जायचा.

"काका रोज का येतो?" तिनं विचारलं.

"गाडी बघायला," मी म्हटलं. "बिघाड अजून सापडला नाही ना."

"काकाला काही येत नाही," ती बाबाला म्हणाली. दादा खळखळून हसला. तेवढा एकदाच.

मी पावणेआठला वर जायचो. सामान उचलायला आलो असं दाखवून त्याला काखेत धरून लिफ्टपर्यंत आणायचो. घरात प्रत्येक वेळी काहीतरी कमी झालेलं असायचं. एके दिवशी छकुलीचे फ्रॉक दोरीवरून नाहीसे होऊन बॅगेत गेले होते. एके दिवशी तिच्या उशीवर दादानं शाईनं मोठी खूण केली होती, तिकडे हरवू नये म्हणून. तिला त्यानं सांगितलं होतं की नवीन जागी पुष्कळ बटणं आहेत आणि बाबा येत जाईल. किती दिवसांनी येईल असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला होता, तू मोजत राहा.

शेवटच्या आठवड्यात उजवा पायही हळू झाला. ब्रेकसुद्धा मग मीच दाबायचो. दादा नुसतं स्टिअरिंग धरून असायचा आणि पेट्रोल जेमतेम द्यायचा. गाडी तिसाच्या वर कधी गेली नाही. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, खिडकीतून शिव्या घालायचे, आणि मी, ज्यानं आयुष्यात एक शिवी फुकट जाऊ दिली नाही, तो गप्प बसायचो. एकोणीस दिवस छकुली वेळेवर पोचली. शेवटच्या दिवशी केंद्रातल्या बाईंनी तिला बटणांचं एक पाकीट भेट दिलं. त्यात तेरा निघाली म्हणून ती त्यांना सांगायला परत आत गेली.

दोन तारखेला आम्ही सातला खाली उतरलो. बॅग आणि उशी मी डिकीत ठेवली. दादानं स्वच्छ शर्ट घातला होता. मी त्याला सीटवर बसवलं आणि त्याचे दोन्ही पाय एकेक करून आत उचलून ठेवले. छकुली खिडकीशी बसली. तिला तीन तासांचा प्रवास म्हणून आनंद झाला होता. इतके खांब तिला एका दिवसात कधी मोजायला मिळाले नव्हते.

दादानं आरसा सारखा केला. त्यात ती दिसते की नाही ते बघितलं असावं. मग किल्ली फिरवली.

काही झालं नाही. आवाज नाही, टक नाही. लाईट झकास.

त्यानं पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

माझा पाय पेडलवर होता. नुसता ठेवलेला. मी तो तिथं ठेवला आहे आणि खाली नेत नाही, हे मला माहीत होतं. मी काही ठरवून केलं नव्हतं. पाय जात नव्हता. डोक्यात एवढंच चाललं होतं की नाही सुरू झाली तर आजचा दिवस गेला. आज गेला तर उद्याचं उद्या बघू. गाडी बिघडली म्हणून फोन करता येईल त्यांना. त्यांना काय कळणार?

"बाबा, दम खातेय का?" मागून छकुलीनं विचारलं.

दादानं किल्ली सोडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. समोर भिंतीकडे बघत, फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "दाब."

मी बसून राहिलो.

"दाब रे," तो म्हणाला. "नंतर मला नाही जमायचं."

मी दाबला. पहिल्याच फटक्यात सेल्फ लागला आणि छकुली मागच्या सीटवर टाळ्या पिटत ओरडली, "झाली! काकानं केली दुरुस्त!"